जिलबी, वय आठ महिने, चौथ्यांदा युरिन इन्फेक्शन. आता काय करू?

अवनी_डोंबिवली | १४ मे, रात्री ११:५२

झोप येत नाही म्हणून लिहायला बसलेय. पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.

आमची जिलबी. लॅब्रेडोर (बहुतेक. बाबांच्या बाजूने काय झालंय ते देव जाणे), मादी, आठ महिन्यांची, बावीस किलो. झोपताना शेपटी नाकाला लावून गोल गोल होते म्हणून जिलबी. जानेवारीत चार महिन्यांची असताना दर वीस मिनिटांनी बसायला लागली. दोन थेंब, उठायचं, परत दोन थेंब. आम्हाला वाटलं शू-शीचं शिक्षण कमी पडतंय. नवऱ्याने दोनदा ओरडूनही घेतलं तिला, त्याचं आता वाईट वाटतं. मग घराजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पट्टी बुडवून बघितली, पांढऱ्या पेशी आहेत म्हणाले, पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या दिवशी बाई ठणठणीत.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. तेच औषध, या वेळी सात दिवस. मार्चमध्ये पुन्हा. मग औषध बदललं, तीन दिवस इंजेक्शनं. एप्रिल चांगला गेला. काल संध्याकाळी खाली फिरवताना शेवटच्या थेंबांना गुलाबी रंग होता. आज पांढऱ्या लादीवर स्पष्ट लाल. सारखी चाटतेय, वास येतोय, पण खाणंपिणं आणि दंगा सगळं चालू.

डॉक्टर म्हणतात, "मादी आहे, लहान आहे, होतं असं. मोठं झालं की जाईल." होतं का असं? चार वेळा?

---

हेमा_घोडबंदर | १५ मे, सकाळी ७:१०

अवनी, आधी सांग, झोपेत ओलं होतं का? म्हणजे ती उठून गेल्यावर अंथरूण ओलं सापडतं का? आणि पाणी किती पिते? या दोन उत्तरांवर बरंच अवलंबून आहे.

---

खवचट_आजोबा | १५ मे, सकाळी ७:४८

धागा उघडताना वाटलं पाकृ आहे. या संकेतस्थळावर जिलब्या फार पडतात, पण ही पहिली लघवी करणारी. (हलके घ्या.)

आमच्या वाड्यातला मोती सतरा वर्षं जगला, त्याने डॉक्टरचं तोंडही पाहिलं नव्हतं.

---

हेमा_घोडबंदर | १५ मे, सकाळी ७:५५

आजोबा, मोत्याच्या आधीचे जे चार मेले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

---

अवनी_डोंबिवली | १५ मे, दुपारी १:२०

अंथरूण कोरडं. एकदाही ओलं सापडलं नाही. पाणी आज मोजून ठेवतेय. सकाळी दीड लिटर भरलंय, उद्या सकाळी उरलेलं मोजते.

---

गोल्डीचा_बाबा | १५ मे, दुपारी ३:०५

हेमाताईंनी झोपेचं का विचारलं ते आमच्या अनुभवावरून सांगतो. आम्ही बंगळुरात असतो. गोल्डन रिट्रीव्हर, मादी, अडीच महिन्यांची आणली. पहिल्या दिवसापासून जिथे झोपायची तिथे बशीएवढा ओला डाग. मागच्या पायांवरचे केस कायम ओले, पिवळे. आम्ही सहा महिने "ट्रेनिंग" करत बसलो. पुस्तकं वाचली, घंटी लावली, वेळापत्रक केलं. बाहेर नेलं की व्यवस्थित भरपूर शू करायची, आणि घरी येऊन झोपली की परत डाग. लोक म्हणायचे हट्टी आहे. अहो, झोपेत कोण हट्ट करतं?

शेवटी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन केला तेव्हा कळलं. मूत्रपिंडाकडून येणारी नळी, म्हणजे युरेटर, मूत्राशयात उघडायला हवी. हिची डावी नळी मूत्राशयाला बगल देऊन पुढे मूत्रमार्गात उघडत होती. साठवायची टाकीच चुकवलेली, मग थेंब थेंब गळणारच. जन्मजात दोष. गोल्डन, लॅब, हस्की अशा जातींत जास्त दिसतो, आणि माद्यांत लवकर लक्षात येतो. त्याच्या जोडीला इन्फेक्शनही सारखं व्हायचं, त्यामुळे प्रत्येक डॉक्टर इन्फेक्शनवरच थांबायचा.

ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की ऑपरेशननंतरही काही जणी थोड्या गळत राहतात, कारण झडपही जन्मतःच कच्ची असू शकते. आमची त्यातलीच. दिवसा कोरडी, रात्री कधी कधी दोन थेंब. त्यावर गोळी चालू आहे. पण आता सोफ्यावर झोपते आणि कोणी तिला उठवत नाही.

तुमचं अंथरूण कोरडं आहे, म्हणजे हे नसावं. पण कोणी हा धागा शोधत आलं तर त्यांच्यासाठी लिहून ठेवलं.

---

शिरवळचा_ढोरडॉक्टर | १५ मे, रात्री ९:४०

गोठ्यातून आत्ता मोकळा झालो. शिकलो शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, प्रॅक्टिस सांगली जिल्ह्यात. निम्मी म्हशी, निम्मी कुत्री. इथे बसून औषध सांगणार नाही, कोणी मागूही नये. पण काय विचारायचं ते सांगू शकतो.

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा इन्फेक्शन झालं की त्याला आम्ही वारंवार होणारं म्हणतो. जिलबीचं पाच महिन्यांत चौथं. आता "कोणतं अँटिबायोटिक" हा प्रश्नच चुकीचा. "का परत येतंय" हा प्रश्न.

ताई, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची चाचणी) एकदा तरी झालंय का? तुमच्या लिहिण्यावरून नाही वाटत. पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा चौकोन माणसांसाठी बनवलेला आहे, कुत्र्यात तो भरवशाचा नाही. लघवी फिरवून खालचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. आणि कल्चरसाठीची लघवी जमिनीवरून गोळा केलेली चालत नाही. वाटेत कातडीचे, केसांचे जंतू मिसळतात आणि मग रिपोर्टमध्ये शंभर नावं. सोनोग्राफीवर बघत पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातली काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण रक्त काढण्याइतकंच आहे, बहुतेक कुत्री मान वळवूनही बघत नाहीत. फक्त मूत्राशयात थोडी लघवी साठलेली हवी, तेव्हा दवाखान्याच्या दारातल्या झाडाशी थांबू देऊ नका. आणि हे सगळं अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. आज चालू केलं असेल तर उद्या जाऊन डॉक्टरांशी बोला.

त्याच वेळी सोनोग्राफीत खडा बघून घ्या. एक एक्स-रे. आणि मागून नीट तपासून घ्या. काही लहान माद्यांत बाहेरचा भाग कातडीच्या घडीत आत दबलेला असतो. घडीत ओल साचते आणि जंतू वर चढतात.

घरात दुसरं काही दिलंय का? काढे, सिरप, काहीही? खरं सांगा.

---

अवनी_डोंबिवली | १६ मे, सकाळी ९:१५

डॉक्टर, खरं सांगते. पाण्याचा हिशेब आधी: चोवीस तासांत साधारण १२०० मिली प्यायली.

आणि हो. सासूबाई धने-जिऱ्याचं पाणी देतात, उकळून गार करून. शिवाय त्यांना स्वतःला उन्हाळ्यात जळजळ होते तेव्हा केमिस्ट जे लघवीचं सिरप देतो, तेही त्या हिला चमचाभर देत होत्या. मार्चपासून, मला न सांगता. मी काल विचारल्यावर म्हणाल्या, "मला गुण येतो, तिला का येणार नाही?"

---

शिरवळचा_ढोरडॉक्टर | १६ मे, दुपारी २:३०

पाणी ठीक आहे. किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर गेलं असतं तर मूत्रपिंड वगैरेची काळजी केली असती, म्हणजे हिच्या बाबतीत सव्वादोन लिटरच्या वर.

सिरप आजपासून बंद. आईंना दोष देऊ नका, अर्ध्या महाराष्ट्रात हेच चालतं. ते सिरप लघवी अल्कली करतं, म्हणून माणसाची जळजळ थांबते. कुत्र्याच्या इन्फेक्शनमधले काही जंतू युरियाचं विघटन करून अमोनिया बनवतात, तेव्हा लघवी आधीच अल्कली झालेली असते. अशा लघवीत मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे खडे जमतात, त्यांना स्ट्रुव्हाइट म्हणतात. सिरप म्हणजे त्या खड्याला घरपोच खाऊ.

धने-जिरे चालू द्या. त्याने काही होत नाही, आईंचं समाधान होतं आणि पाणी पोटात जातं.

---

प्रकृती_साधक | १६ मे, दुपारी ४:००

ॲलोपॅथीच्या मागे लागून प्राण्यांचं वाटोळं करू नका. गोखरू, पुनर्नवा, बार्लीचं पाणी आणि ॲपल सायडर व्हिनेगर. खडा असला तर विरघळून जाईल. क्रॅनबेरीच्या गोळ्याही मिळतात.

---

बापू_वर्धा | १६ मे, दुपारी ४:२२

आन् पानी कमी देत जा. पानी कमी तं मूत कमी. आमच्याकडं सगळे तसंच करून राह्यले.

---

शिरवळचा_ढोरडॉक्टर | १६ मे, रात्री १०:१०

बापू, नका हो. पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते आणि खडा जमायला मोकळं रान मिळतं. उलट पाणी वाढवायचं. जेवणात कोमट पाणी ओता, प्रत्येक खोलीत एक भांडं ठेवा, आणि दर चार-पाच तासांनी बाहेर न्या. तुंबवून ठेवलेली लघवी हीच जंतूंची नर्सरी.

साधकजी, क्रॅनबेरीचा कुत्र्यांत ठोस उपयोग दिसलेला नाही, पण निदान त्रास नाही. व्हिनेगर पाजून कुत्र्याच्या पोटाची वाट लावू नका. आणि कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगतो: माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असली दुखणं थांबवायची गोळी अर्धी, पाव, चिमूटभरसुद्धा नाही. मूत्रपिंडं बसतात.

---

चिंतामणी_नाशिक | १७ मे, सकाळी ८:३०

खडा म्हटला की सगळे एकच समजतात, म्हणून माझं लिहितो.

आमचा डाल्मेशियन, नर, दीड वर्षाचा. एका रविवारी सकाळपासून पाय वर करून उभा, येत काही नाही. जोर करतोय म्हणून मला बद्धकोष्ठ वाटलं, मी त्याला दूध-तूप पाजलं. संध्याकाळी पोटाला हात लावू देईना, उलट्या. रात्री अकरा वाजता नळी घालून लघवी मोकळी केली. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर कदाचित परत नेला नसतात. नर कुत्र्यात लिंगाच्या हाडाशी मार्ग अरुंद होतो, बारका खडाही तिथे बूच मारून बसतो. मंडळी, नर कुत्रा जोर करतोय आणि थेंब येत नाही, तर घड्याळ बघायचं नाही, गाडी काढायची.

पुढे कळलं की खडे युरेटचे. डाल्मेशियन जातीतच तो दोष आहे, युरिक ॲसिड लघवीत भरमसाट जातं. साध्या एक्स-रेत हे खडे बहुधा दिसत नाहीत, सोनोग्राफीतच सापडले. मी त्याला लाडाने रोज कलेजी घालत होतो. तीच बंद करायची होती. आणि गंमत बघा, आमच्याकडे डॉक्टरांनी लघवी अल्कली करणारं औषध मुद्दाम दिलं. अवनीताईंच्या सासूबाईंचं सिरप आमच्याकडे चाललं असतं! म्हणून शेजारच्या कुत्र्याचं औषध आणू नका.

---

मैना_न्यूजर्सी | १७ मे, रात्री ११:५०

इकडे इन्शुरन्स असतो, पण पॉलिसी घ्यायच्या आधी एकदा जरी इन्फेक्शनची नोंद असली तरी पुढचं सगळं "पूर्वीपासूनचा आजार" म्हणून उडवून लावतात. पिल्लू आणलं त्याच आठवड्यात घ्यायला हवा होता, हे मला दोन वर्षांनी कळलं.

अवनी, तिचं नसबंदीचं ऑपरेशन (स्पे) झालंय का?

---

अवनी_डोंबिवली | १८ मे, सकाळी ६:५५

नाही झालं. पुढच्या महिन्यात करायचं ठरत होतं.

आता एक विनोदी प्रसंग. पोटातून काढायची लघवी बुधवारी परळच्या जनावरांच्या रुग्णालयात काढणार आहेत, पण गाळ बघायला घराजवळच्या लॅबने सकाळची पहिली मागितली. तासाभरात पोचवा म्हणाले. फ्रीजमध्ये ठेवली तर ठेवल्यामुळेच खडे-खडे कण तयार होतात आणि रिपोर्ट भलताच येतो. मग आज पहाटे साडेपाचला मी आणि नवरा खाली. माझ्या हातात वरण वाढायचा स्टीलचा डाव, त्याच्या हातात बाटली आणि मोबाईलची बॅटरी. जिलबी बसली, मी मागून डाव सरकवला, थंड स्टील लागलं आणि बाई टुणकन उडी मारून चार पावलं पुढे. परत बसली, परत सरकवला, परत उडी. असं आख्ख्या कंपाउंडला दोन फेऱ्या. वॉचमन काका खुर्ची फिरवून बघत बसले होते. शेवटी त्यांनीच सांगितलं, "ताई, डाव हाताने चोळून गरम करा, गाईचं दूध काढताना करतात तसं." चोळला. आणि भरला हो डाव! नवऱ्याने आनंदात बाटलीऐवजी माझ्या हातावर बॅटरी पाडली, तरी सांडू दिला नाही.

डाव आता स्वयंपाकघरातून हद्दपार आहे.

---

खवचट_आजोबा | १८ मे, सकाळी ७:०२

सकाळच्या चहाबरोबर हे वाचलं. धन्यवाद.

---

निनाद_पिंपरी | १८ मे, दुपारी १२:४०

धाग्याचा फायदा घेतो. आमचं तीन महिन्यांचं पिल्लू (नर, गावठी) कोणी घरी आलं की जमिनीला पोट लावून शू सोडतं. हे पण इन्फेक्शन का?

---

हेमा_घोडबंदर | १८ मे, दुपारी १:०५

नाही रे. ते भीतीने नाहीतर आनंदाने. आल्यावर लगेच त्याच्यावर वाकू नका, डोळ्यात बघू नका, दोन मिनिटं दुर्लक्ष करा. ओरडलात तर वाढेल. मोठं झालं की बहुतेकांचं जातं. हां, *हे* मोठं झालं की जातं.

---

अवनी_डोंबिवली | २४ मे, रात्री १०:३०

अपडेट.

बुधवारी परळला गेलो, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात. फार जुनं आहे म्हणे. माझे आजोबा गिरणगावात राहायचे, ते "बैलघोडा हॉस्पिटल" म्हणायचे. दोन ॲपवाल्या टॅक्स्यांनी कुत्रं बघून पळ काढला, तिसऱ्या चाचांनी स्वतःच मागे चादर अंथरली.

सुई टोचताना जिलबी माझं घड्याळ चाटत होती. डॉक्टर बरोबर होतात, मान पण वळवली नाही.

सोनोग्राफीत दोन खडे. मोठा जवळजवळ दीड सेंटीमीटर. पडद्यावर पांढरी कमान आणि तिच्याखाली काळी सावली. मी विचारलं, हा काय प्रकार? तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हाच तुमचा गेला जानेवारी ते मे. एक्स-रेत तर मलाही दिसले, गोट्यांसारखे. लघवीचा पीएच ८. कल्चर शुक्रवारी आलं: स्टॅफिलोकॉकस, कुत्र्यांच्या कातडीवर नेहमी असणारा. पहिल्या दोन खेपांना दिलेलं औषध त्यावर निकामी. म्हणजे बरं वाटायचं, काही जंतू मरायचे, उरलेले खड्यात लपून बसायचे, औषध थांबलं की परत बाहेर.

आणि ती कातडीची घडीही आहे. दोन बोटांनी बाजूला करून दाखवली, आत लाल चट्टे. इतके दिवस मी रोज तिला आंघोळ घालत होते, मला दिसलं नाही.

खडे जवळजवळ नक्की स्ट्रुव्हाइट आहेत असं म्हणाल्या (मादी, इन्फेक्शन, पीएच, एक्स-रेतला आकार). ऑपरेशन करून काढता येतील, किंवा खाण्याने आणि औषधाने विरघळवता येतील. दुसरा मार्ग घेतोय. कोणी केलंय का? आणि महिन्याला नऊ-दहा हजारांचं ते खाणं खरंच लागतं का?

---

शिरवळचा_ढोरडॉक्टर | २५ मे, सकाळी ६:२०

छान काम केलंत. त्या मॅडमनीही.

खाणं लागतं. त्यात मॅग्नेशियम, फॉस्फरस, प्रथिनं मोजून कमी असतात, लघवी थोडी आम्ल होते आणि कुत्रं पाणी जास्त पितं. पण दोन अटी. एक, त्याच्याशिवाय तोंडात काहीही जायचं नाही. एक पोळी, एक बिस्कीट, काही नाही. दोन, ती अजून वाढीला आहे, आणि हे खाणं वाढत्या पिल्लाला महिनोन् महिने घालायचं नसतं. म्हणून तारखा पाळा. दर चार आठवड्यांनी एक्स-रे. खडे दिसेनासे होईपर्यंत अँटिबायोटिक चालू राहील, कारण थर विरघळेल तसे आतले जंतू बाहेर पडतात. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असता तर कशानेच विरघळला नसता, कापूनच काढावा लागला असता. महिन्याभरात आकार अजिबात कमी झाला नाही तर तसाच काहीतरी समजा आणि ऑपरेशनला तयार राहा.

आणि एक. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांना एन्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातली औषधं आम्ही शक्यतो टाळतो, सांध्यांच्या कुर्चेला इजा होऊ शकते. तुम्हाला काय दिलंय ते इथे लिहू नका, मॅडमना विचारा एवढंच.

स्पे थांबवा. अशी दबलेली घडी असेल तर पहिली हीट (माज) येऊन जाऊ द्यायची, वाढीबरोबर तो भाग पुष्कळदा बाहेर येतो. नाही आला तर घडी काढायचं छोटं ऑपरेशन असतं.

---

मैना_न्यूजर्सी | २५ मे, रात्री ९:००

स्पे थांबवण्याबद्दल थोडी असहमत. आमच्याकडे शेल्टरमध्ये दोन महिन्यांच्या पिल्लांचंही करतात. पहिल्या हीटच्या आधी केलं तर स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो, आणि नाही केलं तर पुढे गर्भाशयात पू होण्याची टांगती तलवार आहेच.

---

शिरवळचा_ढोरडॉक्टर | २५ मे, रात्री ११:१५

ताई, तुमचं खरं आहे. शेल्टरचं गणित वेगळं, तिथे पिल्लावळ थांबवायची असते. इथे एका कुत्रीचा विचार चाललाय. मी "कधीच नको" म्हटलं नाही, "एक हीट जाऊ द्या" म्हटलं. तेवढे महिने गेटवर मात्र कडक पहारा, नाहीतर पुढचा धागा सात जिलब्यांचा.

---

अवनी_डोंबिवली | ११ जून, दुपारी ३:३०

खडा सोपा आहे, सासूबाई कठीण आहेत. गेल्या आठवड्यात पोळीचा तुकडा तुपात बुडवून देताना रंगेहाथ पकडलं. "एवढ्याशा तुकड्याने काय होतंय, उपाशी मारताय तिला." शेवटी एक्स-रेची फिल्म खिडकीला चिकटवली आणि म्हटलं, आई, हा बघा, ही गोटी तिच्या पोटात आहे. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वन्संना पित्ताशयात होता तो असाच होता."

तेव्हापासून त्याच पहारेकरी आहेत. काल कामवाल्या मावशींना बिस्कीट देताना पकडलं त्यांनी.

सोसायटीचंही झालं. लिफ्टमध्ये दोनदा थेंब पडले, मी लगेच पुसले, तरी सेक्रेटरींनी ग्रुपवर "पाळीव प्राण्यांनी जिना वापरावा" टाकलं. प्राणी कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं त्यांना पाठवली, लिफ्ट बंद करता येत नाही म्हणून. आणि भांडण वाढू नये म्हणून लिफ्टपुरतं डायपर घालते. उतरलं की लगेच काढायचं, नाहीतर घडीत ओल राहते. त्या भागाची रोजची कामगिरी: कोमट पाण्याचा कपडा, मग कोरडा, सकाळ-संध्याकाळ.

---

हेमा_घोडबंदर | २३ जून, रात्री ८:१५

पाऊस लागलाय म्हणून सगळ्यांनाच. लेप्टोची लस बघून घ्या, पहिल्यांदा दोन डोस आणि मग दरवर्षी. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. ताप, उलट्या, डोळे पिवळे, शू एकदम कमी, असं दिसलं तर ते "नेहमीचं इन्फेक्शन" समजून घरी बसू नका. तो आजार लघवीतून माणसालाही होतो. डाववाल्यांनी हातमोजे घाला.

---

अवनी_डोंबिवली | २४ जून, सकाळी १०:४०

लस झालीय. हातमोजेही आणले.

चार आठवड्यांचा एक्स-रे झाला. मोठा खडा निम्म्यावर, छोटा शोधावा लागतोय. रक्त दहाव्या दिवसापासूनच बंद आहे. रात्री एकदाही उठवत नाही.

---

गोल्डीचा_बाबा | २४ जून, सकाळी ११:००

वा! लक्षणं गेली म्हणून औषध सोडू नका फक्त. आम्ही ते करून बसलोय.

---

अवनी_डोंबिवली | ३ सप्टेंबर, रात्री ९:२०

गणपतीच्या धावपळीत राहूनच गेलं सांगायचं.

२० जुलैचा एक्स-रे स्वच्छ. सोनोग्राफीतही काही नाही. औषध थांबवून आठवड्याने परत पोटातून लघवी काढून कल्चर केलं, त्यातही काही उगवलं नाही. खाणं हळूहळू बदलून साध्यावर आणलं. ऑगस्टमध्ये पहिली हीट आली (गेटवर तीन शेजारी नवरदेव आठवडाभर बसून होते, वॉचमन काकांची झोप गेली). मॅडमनी परवा तपासलं, घडी बरीच सुटली आहे. हीटनंतर तीनेक महिन्यांनी स्पे. दर दोन महिन्यांनी लघवीची तपासणी करत राहायचं आहे, त्रास असो वा नसो.

जुन्या डॉक्टरांकडे जाऊन फाईल दाखवली. भांडायला गेले नव्हते. त्यांनी नीट वाचली, कल्चरच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला.

डाव अजून आहे. सासूबाईंनी त्याला लाल दोरा बांधून बाल्कनीत खिळ्याला टांगलाय. ओळखू यावा म्हणून.

---

खवचट_आजोबा | ३ सप्टेंबर, रात्री ९:२६

गौरीच्या जेवणाला बोलावलं होतंत तेव्हा वरण वाढणाऱ्या डावाला दोरा होता की नव्हता, हे मी आता आठवायचा प्रयत्न करतोय.

---

अवनी_डोंबिवली | ३ सप्टेंबर, रात्री ९:३१

आजोबा, तुम्ही दोनदा मागून घेतलंत वरण.